स्वादुपिंडाच्या दाहानंतर मधुमेह झाला, त्यात प्रतिकारशक्तीचा हात किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाचं वय ४१. पित्ताशयातल्या खड्यामुळे त्याला अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा अचानक दाह झाला. चार दिवस रुग्णालयात होता. सीटी स्कॅनमध्ये ग्रंथीचा कोणताही भाग मेलेला दिसला नाही. नंतर पित्ताशय काढलं. भरती असताना एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) ५.५, म्हणजे नॉर्मल होतं, आठ महिन्यांनी तेच ७.४, म्हणजे मधुमेहाच्या पातळीत आलं. एका डॉक्टरांनी टाइप २ म्हणून मेटफॉर्मिन सुरू केलं. दुसऱ्यांनी जीएडी प्रतिपिंडांची (शरीर स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्ध बनवतं त्या प्रथिनांची) तपासणी करवली, ती किंचित वाढलेली निघाली, आणि त्यांनी सांगितलं की शरीराच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडावर हल्ला केला आहे, म्हणजे हा टाइप १. यातलं खरं काय, आजार सौम्य होता तरी मधुमेह का झाला, आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोन्ही नावं तुमच्या भावाच्या आजारावर नीट बसत नाहीत. स्वादुपिंडाच्याच आजारातून उद्भवलेल्या मधुमेहाला वर्गीकरणात वेगळी जागा आहे. आम्ही त्याला टाइप ३सी म्हणतो. आधी साखर नॉर्मल असल्याचा पुरावा, मग दाह, आणि दाह शमून तीन महिने उलटल्यावरही वाढलेली साखर, हा क्रम तुमच्या भावाच्या कागदांत स्पष्ट दिसतो. भरती असतानाच एचबीए१सी करून ठेवण्याचं ज्यांना सुचलं त्यांचे आभार माना. तो एक आकडा नसता तर हा मधुमेह आधीपासूनच होता की नंतर आला, यावर आज नुसता वाद घालत बसावं लागलं असतं.

आता प्रतिकारशक्तीकडे येऊ. 'प्रतिकारशक्तीचा हात आहे' या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांत मिसळले की सगळा घोटाळा होतो. पहिला अर्थ असा की दाह शमवायला, मेलेल्या पेशी साफ करायला आलेल्या संरक्षक पेशींच्या रसायनांनी आसपासच्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना इजा होते, आणि यकृत, स्नायू, चरबी यांचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसादही मंदावतो. इथे कोणी कोणाला शत्रू ठरवलेलं नसतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसा हा प्रकार. दुसरा अर्थ असा की प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना, म्हणजे बीटा पेशींना, ओळखून, त्यांनाच लक्ष्य करून मारतात. टाइप १ मध्ये हेच घडतं. पहिली गोष्ट पॅन्क्रियाटायटिसच्या प्रत्येक रुग्णात कमीअधिक प्रमाणात होते. दुसरी थोड्या रुग्णांत होत असावी असा सकारण संशय आहे, पण ती सिद्ध झालेली नाही. एका किंचित वाढलेल्या जीएडीवर थेट दुसऱ्या अर्थाचं निदान उभं करणं मला घाईचं वाटतं.

'सौम्य आजार, तरी मधुमेह का' हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण या विषयातली खरी मेख तिथेच आहे. पूर्वी आम्हाला शिकवलं गेलं ते सरळ हिशोबाचं होतं: ग्रंथीचा जेवढा भाग मेला, तेवढ्या बीटा पेशी गेल्या, तेवढं इन्शुलिन कमी झालं. हा हिशोब खोटा नाही. ज्यांच्या स्वादुपिंडाचा मोठा भाग मरतो, ज्यांना तो काढून टाकावा लागतो, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण जास्तच असतं. पण २०१४ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी २४ अभ्यास आणि ११०२ रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा पहिल्या झटक्यानंतर वर्षभरात सुमारे १५ टक्के लोकांना नव्याने मधुमेह झालेला आढळला. पाच वर्षांनी ही जोखीम दुपटीहून जास्त झाली होती. आणि झटका किती तीव्र होता याने या आकड्यांत फारसा फरक पडत नव्हता. जो भाग मेलाच नाही, त्याचं इन्शुलिन कमी का व्हावं? आणि दाह ओसरल्यावर जोखीम घटायच्या ऐवजी वर्षानुवर्षं वाढत का राहावी? नुसत्या पेशी मोजून या दोन प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. म्हणूनच संशोधकांचं लक्ष प्रतिकारयंत्रणेकडे वळलं.

ते समजण्यासाठी ग्रंथीची रचना डोळ्यांसमोर आणावी लागेल. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. त्यात विखुरलेली पेशींची छोटी बेटं पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये पहिल्यांदा वर्णिली. या बेटांमधल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात. सगळी बेटं मिळून ग्रंथीच्या वजनाच्या जेमतेम १ ते २ टक्के भरतात, पण ग्रंथीला मिळणाऱ्या रक्तापैकी १० टक्क्यांहून जास्त रक्त त्यांच्याकडे जातं. बेटाभोवती एक पातळ पापुद्रा असतो, भिंत नसते. बेटातून निघालेलं रक्त आजूबाजूच्या पाचक पेशींकडे झिरपतं. मधुमेहतज्ज्ञ बेटांकडे पाहतात, पोटविकारतज्ज्ञ पाचक भागाकडे, आणि आमच्या शिक्षणात हे दोन अवयव असल्यासारखे शिकवले जातात. शरीरात ते एकच आहेत. एका भागात पेटलं की दुसऱ्याला झळ लागतेच.

झटक्याच्या वेळी काय होतं? हान्स चियारी यांनी १८९६ मध्येच मांडलं होतं की इथे स्वादुपिंड स्वतःलाच पचवतं. एरवी ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर (एन्झाइम) आतड्यात पोचल्यावरच जागं होतं. खडा अडकून नळी तुंबली की ते पेशीच्या आतच जागं होतं. पण आज आपल्याला हेही माहीत आहे की ट्रिप्सिन ही गोष्टीची अर्धीच बाजू आहे. त्याच वेळी, आणि बरीचशी त्याच्यापासून स्वतंत्रपणे, पाचक पेशींमध्ये एनएफ-कप्पा-बी नावाचा दाहाचा स्विच चालू होतो. जखमी पेशी फुटतात, त्यांच्यातलं डीएनए, हिस्टोन, एटीपी, एचएमजीबी१ हे प्रथिन असा ऐवज बाहेर सांडतो. हे पदार्थ एरवी पेशीच्या आतच असतात. ते बाहेर दिसणं म्हणजे प्रतिकारयंत्रणेसाठी धोक्याची घंटा असते. जंतू एकही नसतो, तरी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, मागोमाग मोनोसाइट येतात आणि ऊतीत शिरून मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या सफाई पेशी, होतात. इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा या दाह पेटवणाऱ्या रसायनांचा पूर येतो.

हा पूर बीटा पेशींवर काय करतो, हे प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा पाहिलं गेलं आहे. इंटरल्युकिन-१ बीटाबरोबर इंटरफेरॉन-गॅमा किंवा टीएनएफ दिलं की प्राण्यांच्या बीटा पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करू लागतात, त्यांची ऊर्जानिर्मिती बिघडते, प्रथिनं घडवणारी यंत्रणा ताणाखाली येते, आणि शेवटी काही पेशी आत्मघात करतात. मानवी पेशी तुलनेने चिवट असतात, पण ताण त्यांनाही येतोच. मला इथे मरणाऱ्या पेशींपेक्षा जगणाऱ्या पेशी जास्त महत्त्वाच्या वाटतात. सततच्या दाहात बीटा पेशी आपलं बीटापण विसरू लागते. इन्शुलिन बनवण्याची, साखर ओळखण्याची जनुकं मंद होतात. पेशी जिवंत असते, स्कॅनमध्ये ग्रंथी धडधाकट दिसते, पण काम होत नाही. अशा पेशींतल्या काही परिस्थिती सुधारल्यावर पुन्हा कामाला लागू शकतात. म्हणून झटक्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत साखर वाढलेली दिसली की मी कोणालाही 'तुम्हाला मधुमेह झाला' असं सांगत नाही. ताणाच्या संप्रेरकांमुळे त्या काळात साखर तशीही वाढते आणि बऱ्याच जणांची खाली येते. म्हणूनच निदानासाठी तीन महिने थांबण्याची पद्धत आहे.

याला दुसरीही बाजू आहे, आणि तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं तिथे खरं ठरतं. टीएनएफसारखी रसायनं स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशींत इन्शुलिनच्या संदेशाची वाट अडवतात. इन्शुलिन दारावर येतं, कडी वाजवतं, पण आत निरोप नीट पोचत नाही. ऑकलंडच्याच गटाला पॅन्क्रियाटायटिसमधून बरे झालेल्या लोकांमध्ये बऱ्याच काळाने वाढलेली साखर, इन्शुलिनला मंद प्रतिसाद आणि इंटरल्युकिन-६ यांचा संबंध आढळला. म्हणजे पोटदुखी थांबली, लायपेज हे रक्तात तपासलं जाणारं स्वादुपिंडाचं विकर नॉर्मल झालं, पण रक्तात एक मंद धग टिकून राहिली. ती का टिकते याची कारणं एकापेक्षा जास्त असावीत: पोटातली आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी, झटक्यात सैल पडलेलं आतड्याचं अस्तर आणि त्यातून झिरपणारे जंतूंचे अंश, आणि मॅक्रोफेजचं बदललेलं रूप. मॅक्रोफेज आधी पेटवतात, नंतर डागडुजी करतात. डागडुजी लांबली की ते तंतू बनवणाऱ्या स्टेलेट पेशींना चिथावत राहतात आणि ग्रंथीत तंतू वाढू लागतात. ज्याला लहान लहान झटके पुन्हा येतात, त्याच्यात हे चक्र थांबतच नाही.

इथपर्यंतचं सगळं पहिल्या अर्थाचं. आता दुसऱ्या अर्थाकडे, म्हणजे खऱ्या स्वप्रतिकाराकडे.

प्रत्येक माणसाच्या रक्तात बीटा पेशींना ओळखू शकणाऱ्या थोड्या टी पेशी असतातच. निरोगी माणसात त्या गप्प असतात, कारण त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी जाग्या असतात आणि बीटा पेशींचे घटक धोक्याच्या घंटेसकट कधी त्यांच्यासमोर येत नाहीत. पॅन्क्रियाटायटिसमध्ये नेमकं हेच होऊ शकतं. पेशी फुटतात, त्यांचे घटक जवळच्या लसिका ग्रंथींत पोचतात, आणि त्याच वेळी सगळीकडे दाहाची आरोळी उठलेली असते. इंटरफेरॉनच्या प्रभावाखाली बीटा पेशी आपल्या पृष्ठभागावर एचएलए वर्ग १ हे रेणू जास्त प्रमाणात मांडतात, म्हणजे टी पेशींना त्या अधिक ठळक दिसू लागतात. ताणाखाली घडलेली प्रथिनं थोडी वेगळ्या आकाराची होतात आणि शरीराला अनोळखी वाटू शकतात. आणि ज्याच्या जनुकांत एचएलए डीआर३ किंवा डीआर४ हे टाइप १ ला अनुकूल वाण आहेत, त्याच्यात ठिणगी पडायला जागा जास्त. हा युक्तिवाद पक्का बसतो. पण युक्तिवाद बसतो म्हणून माणसात तसंच घडतं असं नाही, हे आमच्या शास्त्रात अनेकदा सिद्ध झालं आहे.

तरीही मी या कल्पनेला हलकं लेखत नाही, याला तीन कारणं आहेत. एक, टाइप १ झालेल्या लोकांचं संपूर्ण स्वादुपिंड लहान असतं. नुसती बेटं गेली असती तर १ ते २ टक्केच वजन घटायला हवं होतं. त्यांच्या पाचक भागातही टी पेशी शिरलेल्या दिसतात, म्हणजे दोन भागांमधली देवाणघेवाण उलट दिशेनेही चालते. दुसरं, जपानमध्ये २००० साली वर्णन झालेला टाइप १ चा एक अतिवेगवान प्रकार आहे. त्यात काही दिवसांत इन्शुलिन संपतं, नेहमीची स्वप्रतिपिंडं सापडत नाहीत, पण स्वादुपिंडाची विकरं रक्तात वाढलेली असतात. तिसरं कारण कर्करोगावरच्या उपचारातून आलं. पीडी-१ ही प्रतिकारयंत्रणेची लगाम सैल करणारी औषधं घेणाऱ्या थोड्या रुग्णांना अचानक मधुमेह होतो, बहुधा कायमचा, आणि त्यांतल्या काहींच्या रक्तात लायपेजही वाढलेलं असतं. तिन्ही उदाहरणं वेगळी आहेत, पण पाचक भाग आणि बेटं एकाच वेळी प्रतिकारयंत्रणेच्या तडाख्यात सापडू शकतात, एवढं ती नक्की दाखवतात.

याच्या विरुद्ध बाजूलाही वजनदार गोष्टी आहेत. पॅन्क्रियाटायटिसनंतर मधुमेह झालेल्या बहुसंख्य रुग्णांत स्वप्रतिपिंडं सापडत नाहीत. ज्यांच्यात सापडतात, त्यांच्यात ती झटक्यामुळे निर्माण झाली की आधीच होती, हे झटक्यापूर्वीचं रक्त जपून ठेवलेलं नसेल तर सांगता येत नाही. प्रौढपणी हळूहळू येणारा स्वप्रतिकारी मधुमेह अनेकांत वर्षानुवर्षं दबा धरून असतो. अशा माणसाला खड्यामुळे पॅन्क्रियाटायटिस झाला तर दोन घटनांचा कालक्रम जुळतो, कार्यकारणभाव जुळेलच असं नाही. आणखी एक उलटी गाठ लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही वेळा मधुमेहच आधी असतो: न कळलेल्या मधुमेहात ट्रायग्लिसराइड हे रक्तातले मेद प्रचंड वाढतात आणि त्यातून पॅन्क्रियाटायटिस होतो. तुमच्या भावाच्या बाबतीत ५.५ या आकड्याने ती शक्यता निकालात काढली आहे.

हा गुंता सोडवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मधुमेह, पचन आणि मूत्रपिंडाच्या आजारांच्या विभागाने २०२० मध्ये अनेक केंद्रांचा एक संशोधनसंघ उभा केला. त्याच्या नावातच टाइप १ मधुमेह आणि अक्यूट पॅन्क्रियाटायटिस हे दोन्ही शब्द आहेत. त्यांच्या 'ड्रीम' या अभ्यासात झटका येऊन गेलेल्या लोकांची साखर, इन्शुलिन, स्वप्रतिपिंडं आणि प्रतिकारपेशी ठरावीक अंतराने तपासत राहण्याची योजना आहे. मला हा मार्ग योग्य वाटतो, कारण हा प्रश्न एकदाच रक्त तपासून सुटणारा नाही, एकाच माणसाला काळाच्या ओघात पाहत राहिल्यावरच सुटेल.

आता तुमच्या भावाच्या जीएडीबद्दल. या तपासणीची सीमारेषाच अशी आखलेली असते की पूर्ण निरोगी शंभर माणसांतही एखाददुसरा तिच्या वर जातो. त्यामुळे किंचित वाढलेला एकच आकडा, एकाच वेळी, एकाच प्रतिपिंडाचा, हा पुरावा म्हणून अशक्त आहे. मी असतो तर तीन गोष्टी केल्या असत्या. तीच तपासणी शक्यतो दुसऱ्या पद्धतीने पुन्हा केली असती. सोबत आयए-२ आणि झेडएनटी८ ही प्रतिपिंडं तपासली असती. दोन किंवा अधिक वेगवेगळी प्रतिपिंडं सापडली तर चित्र पार बदलतं. तेव्हा तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मी मान्य करीन. आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सगळ्यांत उपयोगाची तपासणी म्हणजे सी-पेप्टाइड, आणि तीही त्याच वेळच्या साखरेसोबत.

सी-पेप्टाइडवर थोडं थांबतो, कारण नावांच्या भांडणात ही तपासणी हमखास राहून जाते. बीटा पेशी इन्शुलिनचा एक रेणू सोडते तेव्हा सी-पेप्टाइडचाही एक सोडते. म्हणून त्याचं प्रमाण पाहिलं की शरीर स्वतःचं इन्शुलिन किती बनवतंय हे कळतं, बाहेरून टोचलेलं इन्शुलिन त्यात मिसळत नाही. जेवणानंतर काही तासांच्या आत घेतलेल्या रक्तात ते ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर इन्शुलिनची गंभीर कमतरता आहे आणि इन्शुलिन सुरू करायला वेळ दवडू नये. १.८ च्या वर असेल तर शरीराकडे साठा आहे, अडचण प्रामुख्याने प्रतिसादाची आहे. मधल्या पट्ट्यात असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा करावं. फक्त एक पथ्य: साखर खूप वाढलेली असताना बीटा पेशी थकलेल्या असतात आणि आकडा खोटा कमी येतो, तर साखर कमी असताना त्या मुद्दाम गप्प असतात. साखर साधारण आटोक्यात आणल्यावरच तपासणी करा. टाइप कोणता, यापेक्षा इन्शुलिन किती उरलंय आणि ते टिकतंय की ओसरतंय, या प्रश्नावर तुमच्या भावाचा उपचार ठरणार आहे.

प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यावं का? आज नाही, असं मी ठामपणे सांगतो. टेप्लिझुमॅब हे टी पेशींवर काम करणारं औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, पण ते टाइप १ च्या दुसऱ्या टप्प्यासाठी: ज्यांच्यात दोन किंवा जास्त स्वप्रतिपिंडं आहेत, साखर थोडी ढळली आहे, पण मधुमेह अजून झालेला नाही. पॅन्क्रियाटायटिसनंतरच्या मधुमेहासाठी ते नाही. मग दाहाची रसायनं थेट अडवली तर? इंटरल्युकिन-१ अडवणाऱ्या अनाकिन्राने २००७ मध्ये टाइप २ च्या एका छोट्या चाचणीत साखर सुधारली, तेव्हा आम्हा अनेकांच्या आशा पालवल्या होत्या. पण २०१३ मध्ये नव्याने टाइप १ झालेल्या रुग्णांत अनाकिन्रा आणि त्याच कामाचं कॅनाकिनुमॅब या दोन्हींचा बीटा पेशी वाचवायला उपयोग झाला नाही. दहा हजारांवर हृदयरुग्णांच्या चाचणीत कॅनाकिनुमॅबने दाह कमी केला, मधुमेह रोखला नाही. प्रयोगशाळेतलं सुंदर चित्र आणि माणसाचं शरीर यांत हे एवढं अंतर आहे. स्टिरॉइडचा तर विचारही नको, ती साखर थेट वाढवतात. याला एकच अपवाद: ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस हा मुळातच वेगळा आजार, ज्यात बऱ्याचदा आयजीजी४ हे प्रतिपिंड वाढलेलं असतं आणि ग्रंथी स्कॅनमध्ये फुगलेल्या नळकांड्यासारखी दिसते. तिथे स्टिरॉइड लागू पडतात, आणि कधीकधी मधुमेहही सुधारतो. खड्यामुळे झालेल्या दाहाशी त्याचा संबंध नाही. नावं सारखी वाटल्याने रुग्णांची गल्लत होते, म्हणून लिहिलं.

उपचाराबाबत. सी-पेप्टाइड बरं असेल तर मेटफॉर्मिन योग्यच आहे, ते बदलायची घाई नको. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या आणि जीएलपी-१ ची इंजेक्शनं पॅन्क्रियाटायटिस होऊन गेलेल्या माणसात मी टाळतो. फ्लोझिन गटातली औषधं इन्शुलिन कमी असलेल्या माणसात रक्तातली आम्लं वाढवू शकतात, आणि साखर तेव्हा फार वाढलेली दिसत नाही म्हणून फसगत होते. सी-पेप्टाइड न पाहता ती सुरू करू नयेत. पुढे इन्शुलिन लागलं तर त्याला हार समजू नका. इंग्लंडमधल्या प्राथमिक आरोग्य नोंदींच्या २०१७ मधल्या अभ्यासात पाच वर्षांत इन्शुलिन लागण्याचं प्रमाण टाइप २ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास होतं, तर अक्यूट पॅन्क्रियाटायटिसनंतरच्या मधुमेहात सुमारे २१ टक्के. त्याच अभ्यासात स्वादुपिंडाच्या आजारानंतर मधुमेह झालेल्यांपैकी जवळजवळ ८८ टक्के लोकांच्या कागदांवर 'टाइप २' लिहिलेलं होतं. चुकीचं नाव लिहिलं की गोळ्यांवर गोळ्या वाढत राहतात आणि इन्शुलिन उशिरा मिळतं. म्हणून तुमच्या भावाच्या फाइलवर 'पॅन्क्रियाटायटिसनंतरचा मधुमेह' असं स्पष्ट लिहून घ्या.

शौचाला तेलकट, चिकट होत असेल, वजन उतरत असेल, तर विष्ठेतलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं विकर तपासा. २०० च्या खाली असेल तर पाचक विकरांच्या कॅप्सूल लागतात. अन्नच नीट पचत नसेल तर साखर कधी वर कधी खाली होत राहते आणि दोष औषधांना दिला जातो. तंबाखू आणि दारू पूर्ण बंद असावी. ट्रायग्लिसराइड तपासून ठेवा. दुसरा झटका टाळणं हाच बीटा पेशी वाचवण्याचा आज हातात असलेला सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे, आणि पित्ताशय काढून तुम्ही त्यातला मोठा भाग आधीच केला आहे. पुढच्या दोनेक वर्षांत विनाकारण वजन घटलं, कावीळ झाली किंवा पाठीत सतत दुखू लागलं तर पुन्हा स्कॅन करा. या वयात नव्या मधुमेहामागे क्वचित स्वादुपिंडातली गाठ असते आणि ती शक्यता नजरेआड करू नये.

हे आधी रोखता आलं असतं का, ही बोचणी तुमच्या प्रश्नात मला दिसली. झटका आल्यानंतर मधुमेह रोखणारं कोणतंही औषध आज आमच्याकडे नाही. तुमच्याकडून किंवा भावाकडून काही राहून गेलं असं नाही. राहून जातं ते बहुधा आमच्याकडून: पोट दुखायचं थांबलं की रुग्णाला घरी पाठवतो आणि साखरेसाठी परत बोलावत नाही. झटक्यानंतर तीन ते सहा महिन्यांत आणि नंतर दरवर्षी साखर तपासावी, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनात आता स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या भावाचं निदान आठव्या महिन्यात झालं. अनेकांचं पाचव्या वर्षी होतं.

एक खबरदारी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. त्याला अचानक खूप तहान लागली, वजन भराभर उतरलं, मळमळ-उलट्या सुरू झाल्या किंवा श्वास जोरजोरात चालू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि रक्तातले कीटोन (इन्शुलिन कमी पडल्यावर वाढणारी आम्लं) तपासायला सांगा. अशा वेळी पोटातही दुखू शकतं, आणि तेवढ्यावरून तिथले डॉक्टर पुन्हा पॅन्क्रियाटायटिसच समजून चालतील. त्यांना आपण होऊन सांगा की आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे, त्यानंतर मधुमेह झाला आहे, आणि जीएडी किंचित वाढलेलं आहे.